उभ्या गाड्यांचा इतिहास

रस्त्यावरून धावणारी बसगाडी सर्वांस दिसते. आगारात उभी असलेली गाडी मात्र फारशी कोणाच्या नजरेस पडत नाही. शहरांचे इतिहास लिहिणारे विद्वान पहिली गाडी कोणत्या दिवशी सुटली, तिचे भाडे किती होते व ती पाहावयास किती लोक जमले, याची हौसेने नोंद करतात. रात्री ती गाडी कोठे गेली, तिला कोणी धुतले, तिची चाके कोणी तपासली आणि ती आजारी पडली असता तिच्या जागी दुसरी कोठून आणली, या प्रश्नांकडे त्यांचे सहसा लक्ष जात नाही. आमच्या मते नगर-वाहतुकीचा खरा इतिहास या दुसऱ्या प्रश्नांच्या उत्तरांत साठविलेला आहे. धावणारी गाडी ही उभ्या गाडीच्या बळावर धावत असते. हे एवढे साधे सत्य ज्या संस्थेस उमगले तिची सेवा टिकली. ज्या संस्थेस त्याचा विसर पडला तिच्या थांब्यांवर रांगा वाढत गेल्या.

भिलाईसारख्या पोलादनगरीत नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या वाचकांस हे विधान अपरिचित वाटू नये. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात येथील कारखान्याविषयी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. झोतभट्टी पेटली म्हणजे रात्रंदिवस चालते, हे खरे; परंतु तिलाही काही वर्षांनी थांबवून आतून नव्या विटांचे अस्तर द्यावे लागते. त्या अवधीत उत्पादनाची घडी विस्कटू नये, याची योजना आधीपासून करून ठेवावी लागते. भट्टी थांबली म्हणून कारखान्यातील कोणी जाणता मनुष्य तिला ‘निरुद्योगी’ म्हणत नाही. बसगाडीच्या बाबतीत मात्र हाच विवेक शहराच्या कारभाऱ्यांपाशी नेहमीच आढळतो असे नाही. तो कसा मिळविला गेला आणि कसा गमावला गेला, हे पाहावयाचे असेल, तर दीडशे वर्षांची अखंड परंपरा असलेल्या मुंबईच्या नगर-वाहतुकीकडे वळले पाहिजे. भिलाईपुढे आज जो प्रश्न उभा आहे, त्याचे बरेचसे उत्तर त्या इतिहासात आहे असे आम्हांस वाटते.

मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी असे तिचे दोन मार्ग होते. कुलाब्याहून पायधुणीस जाण्यास तीन आणे पडत. पुढे हे भाडे दोन आण्यांवर आले. आरंभी तिकीट देण्याची पद्धत नव्हती. पैसे घेतले की व्यवहार संपला! आमच्यासारख्या, नोंदवहीखेरीज पान न हलणाऱ्या कारकुनांस या कारभाराचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. परंतु त्याहूनही अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट निराळीच आहे. कंपनीपाशी आरंभी २० गाड्या होत्या आणि त्यांच्यासाठी २०० घोडे होते. म्हणजे एका गाडीमागे दहा घोडे! गाडीस एका वेळी जुंपावयाचे ते एक किंवा दोन. मग उरलेले आठ काय करीत होते? ते तबेल्यात उभे होते. दाणावैरण खात होते, खरारा करून घेत होते, नाल ठोकून घेत होते, आणि आपली पाळी येण्याची वाट पाहत होते. लंडनमध्येही त्या काळी घोड्यांच्या एका बसगाडीमागे दहाअकरा घोड्यांचाच हिशेब होता. उन्हातान्हात लोखंडी रुळांवरून माणसांनी भरलेली गाडी ओढणारे जनावर दिवसाकाठी चार-दोन तासांहून अधिक काम करू शकत नाही, हे अनुभवाने ठरलेले होते. तबेल्यातील आठ घोड्यांना त्या काळच्या हिशेबनिसाने ‘बिनकामाचे’ ठरवून विकून टाकले असते, तर आठवड्याच्या आत ट्राम बंद पडली असती. राखीव बळाचा पहिला धडा मुंबईला घोड्याने शिकविला, असे म्हणण्यास हरकत नाही.

पुढे वीज आली. ७ ऑगस्ट १९०५ रोजी नव्या कंपनीशी सवलतीचा करारनामा झाला. वाडीबंदर येथे कंपनीने आपले वीजनिर्मितीकेंद्र उभारले आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली. तबेले गेले व त्यांच्या जागी आगारे आली. घोड्याला विसावा लागतो हे कोणासही समजते, कारण त्याच्या तोंडाला आलेला फेस डोळ्यांना दिसतो. यंत्राचा थकवा दिसत नाही. तो ब्रेकच्या पट्ट्या झिजण्यात, बेअरिंग तापण्यात, तेल काळे पडण्यात लपलेला असतो. तो ओळखण्यासाठी कान तयार झालेला मिस्त्री लागतो व त्याच्या निदानाची नोंद ठेवणारी वही लागते. घोड्याच्या डॉक्टरची जागा कार्यशाळेतील कारागिराने घेतली. विसाव्याचे तत्त्व मात्र जसेच्या तसे राहिले.

पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धावली. त्या वर्षाअखेर या नव्या वाहनातून सुमारे सहा लाख उतारूंनी प्रवास केला. पुढील वर्षी हा आकडा ३८ लाखांवर गेला. १९३४ साली ही सेवा शहराच्या उत्तर भागात पोहोचली आणि १९३७ साली दुमजली बसगाड्या आल्या. रुळांच्या बंधनातून सुटल्यामुळे बसगाडी हवी तेथे नेता येऊ लागली. पण त्यामुळेच व्यवस्थापनाचे एक नवे कोडे उत्पन्न झाले. ट्रामचा मार्ग रुळांनी ठरविलेला असे. बसचा मार्ग माणसाने ठरवावयाचा, आणि तो ठरविताना गाडी रात्री कोठे विसावणार याचाही विचार करावयाचा. आगारापासून मार्गाच्या पहिल्या थांब्यापर्यंत गाडीला रिकामे जावे लागते. या रिकाम्या धावेत इंधन जळते, चालकाचा वेळ जातो, टायर झिजतात, आणि पदरात एक पैसाही पडत नाही. म्हणून शहर जसजसे वाढते तसतशी आगारेही त्याच्यामागून सरकत जावी लागतात.

७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे मूळ करारास बेचाळीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, आणि देश स्वतंत्र होण्यास अवघा आठवडा उरला असता, मुंबई महानगरपालिकेने हा सारा उद्योग आपल्या ताब्यात घेतला. त्या वेळी २४२ बसगाड्या २३ मार्गांवर धावत होत्या व दररोज सुमारे २ लाख ३८ हजार उतारूंची ने-आण करीत होत्या. पुढे १९५० व १९५७ साली नगराच्या सीमा उपनगरे पोटात घेत दहिसर-मुलुंडपर्यंत गेल्या. ट्रामचे रूळ त्यांच्यामागे धावू शकले नाहीत. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर ही अखेरची ट्राम धावली आणि एका युगाची समाप्ती झाली. बस मात्र सर्वत्र गेली. कुलाबा, वडाळा, मुंबई सेंट्रल, वरळी ही आगारे दक्षिणेस होतीच. पुढे देवनार, मरोळ, दिंडोशी, ओशिवरा, मागाठाणे, गोराई अशी आगारांची साखळी शहराभोवती गुंफली गेली. मोठ्या दुरुस्तीसाठी दादरची कार्यशाळा होती. ‘बेस्ट’ हे नाव कंपनीच्या आद्याक्षरांवरून पडलेले. पण कित्येक पिढ्यांच्या मुंबईकरांनी त्याचा इंग्रजी शब्दार्थच मनोमन मान्य केला, तो या आगारांतील कामगारांच्या जोरावर होय.

आगाराचे खरे जीवन रात्री सुरू होते. अखेरच्या फेऱ्या आटोपून गाड्या एकामागून एक फाटकातून आत येतात. वाहक आपले वेबिल व दिवसाची रोकड खिडकीवर भरतो. उरलेल्या तिकिटांचे क्रमांक लिहिले जातात व पैशाशी ताडून पाहिले जातात. चालक गाडीतील दोष नोंदवितो: ब्रेक डावीकडे ओढतो, दुसऱ्या गिअरला आवाज येतो, मागचा दिवा लागत नाही. मग गाडी धुतली जाते, तिच्यात इंधन भरले जाते, पाणी, तेल व टायरमधील हवा पाहिली जाते. किरकोळ दोष रात्रीतच दुरुस्त होतात. ज्या गाड्यांच्या ठरावीक धावा पूर्ण झाल्या असतील त्या खड्ड्यावर घेतल्या जातात व खालून-वरून तपासल्या जातात. या नियमित तपासणीस आगारातील माणसे ‘डॉकिंग’ म्हणतात. पहाटे चारच्या सुमारास पहिली गाडी बाहेर पडते तेव्हा शहर झोपेत असते. एखादा दूधवाला व एखादी परिचारिका तेवढी थांब्यावर उभी असते. गाडी वेळेवर आली, म्हणजे रात्रभर कोणी जागले आहे, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारणही नसते.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे राखीव गाडी. रस्त्यावर शंभर गाड्या हव्या असतील, तर आगारात सामान्यतः आठ-दहा अधिक लागतात: दोन-तीन डॉकिंगसाठी, एखादी अपघातातून आलेली, एखादी परिवहन कार्यालयात पासिंगसाठी गेलेली, आणि दोन-चार निव्वळ सज्ज म्हणून उभ्या. चालक-वाहकांच्या बाबतीतही तोच न्याय. रजा, आजारपण व साप्ताहिक सुट्टी धरून राखीव माणसे ठेवली नाहीत, तर उत्तम गाडीही चालकावाचून आगारात राहते. गाड्या थोड्या जुन्या असल्या तरी चालते. पण राखीव नसल्या की एका ठिकाणची फेरी रद्द करून दुसऱ्या ठिकाणी गाडी पाठवावी लागते, वेळापत्रक केवळ फलकावर राहते, उतारूंचा विश्वास उडतो, उत्पन्न घटते आणि घटलेल्या उत्पन्नाचे कारण सांगून आणखी गाड्या कमी केल्या जातात. या चक्रात एकदा सापडलेली संस्था सहजासहजी बाहेर पडत नाही.

राज्य परिवहनाने हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर अंगीकारले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर त्या सेवेची पहिली गाडी धावली. पुढे १९६१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्राच्या महामंडळाने दापोडी, चिकलठाणा व नागपूरनजीक हिंगणा येथे मध्यवर्ती कार्यशाळांच्या बळावर खेडोपाडी एस. टी. पोहोचविली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दुर्ग-भिलाईचा हा मुलूख आणि विदर्भ एकाच राज्यात होते, व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भातील सरकारी गाड्या यथाकाल महाराष्ट्राच्या महामंडळात आल्या. इकडे १९६२ साली मध्यप्रदेशाचे स्वतंत्र महामंडळ झाले. ते पुढे मोडीत निघाले, आणि २००० साली जन्मास आलेल्या छत्तीसगढ राज्यात गावोगावची वाहतूक खासगी गाडीवाल्यांच्या हाती राहिली. एकाच घरातून निघालेल्या दोन भावांची ही दोन प्राक्तने आहेत. नागपूरकडून येणारा मराठी मनुष्य राज्याची सीमा ओलांडल्यावर लाल गाडी शोधू लागतो, तेव्हा त्याला या इतिहासाचा प्रत्यय येतो.

मुंबईकडे पुन्हा वळू. तेथील उपक्रमाची एक सोय अशी होती की, वीज आणि वाहतूक ही दोन्ही खाती एकाच छपराखाली होती. विजेच्या उत्पन्नातून बसचा तोटा पुष्कळ काळ भरून निघत असे. २००३ च्या विद्युत कायद्यानंतर हा मार्ग हळूहळू अरुंद होत गेला. वीजग्राहकाने उतारूचा भार का सोसावा, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने अयोग्य म्हणता येत नाही. परंतु बसचा तोटा मग कोणी सोसावा, याचे निश्चित उत्तरही कोणी दिले नाही. काही आगारांच्या जागा व्यापारी विकासासाठी देण्यात आल्या. मुंबईत जमिनीला सोन्याचे मोल. तेव्हा गाड्या उभ्या करण्यासाठी एवढी जागा कशाला, असा प्रश्न हिशेबाच्या वहीतून सहज उभा राहतो. तबेल्यातील आठ घोडे कशाला, हाच तो प्रश्न होय. फक्त तो विचारणारा आता तबेल्याच्या जागेचा भावही जाणत होता.

त्यानंतरचे वळण भाडेतत्त्वावरील गाड्यांचे. या पद्धतीत गाडी कंत्राटदाराची, चालक त्याचा, दुरुस्तीही त्याचीच. मार्ग, वेळापत्रक व तिकिटाचे उत्पन्न उपक्रमाचे. आणि कंत्राटदारास धावलेल्या किलोमीटरमागे ठरलेला दर. जुलै २०१९ मध्ये महानगरपालिकेच्या साहाय्याबरोबर ही पद्धत विस्ताराने अवलंबिली गेली व ९ जुलै २०१९ पासून किमान भाडे पाच रुपयांवर आणले गेले. उतारूंनी त्याचे मनःपूर्वक स्वागत केले. वातानुकूलित गाडीत सहा रुपयांत बसावयास मिळणे ही गरिबाला लहान गोष्ट नव्हे. परंतु स्वमालकीच्या जुन्या गाड्या निवृत्त होत गेल्या आणि त्यांच्या जागी स्वतःच्या नव्या गाड्या त्या प्रमाणात आल्या नाहीत. २०१० च्या आसपास चार हजारांहून अधिक असलेला स्वतःचा ताफा पुढील पंधरा वर्षांत एक हजाराच्या आत आला. मे २०२५ मध्ये किमान भाडेही दहा रुपये झाले.

या दोन पद्धतींची परीक्षा काळाने फारच थोड्या अंतराने घेतली. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे उपनगरी रेल्वे बंद पडली, तेव्हा परिचारिका, सफाई कामगार व पाणीपुरवठ्याचे कर्मचारी यांना कामावर नेण्याचे ओझे बसवर आले. बेस्टचे चालक-वाहक त्या दिवसांत घराबाहेर पडले. त्यांतील अनेक आजारी झाले, कित्येक मृत्युमुखी पडले. गाड्या कमी पडल्या तेव्हा एस. टी. च्या गाड्या महाराष्ट्राच्या निरनिराळ्या आगारांतून मुंबईच्या मदतीस धावून आल्या. त्या कोठून आल्या? कोठेतरी उभ्या होत्या म्हणून आल्या. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये भाडेतत्त्वावरील गाड्यांच्या चालकांनी वेतनासाठी काम थांबविले, आणि काही दिवस शेकडो गाड्या बाहेर पडल्या नाहीत. त्यांची मागणी अवास्तव होती असे आम्ही म्हणणार नाही. एकाच आगारातून एकच काम करणाऱ्या दोन माणसांच्या वेतनात मोठे अंतर असले, तर असंतोष होणारच. पण त्या वेळी उपक्रमापाशी आगारे होती, मार्ग होते, वाहक होते. गाडी व चालक मात्र त्याचे नव्हते. काही कंत्राटदार परवडत नाही म्हणून मुदतीपूर्वीच निघून गेले, तेव्हाही हाच अनुभव आला. त्यांच्याबरोबर त्यांच्या गाड्याही गेल्या.

येथे कोणी म्हणेल की, दोष कंत्राटाचा आहे. आमचे मत तसे नाही. सिंगापूरने २०१६ पासून बसच्या मार्गांची कंत्राटे खासगी कंपन्यांस दिली आहेत आणि तेथील सेवा उत्तम चालते. परंतु तेथे गाड्या व आगारे शासकीय प्राधिकरणाच्या मालकीची आहेत. कंत्राट संपले की चालविणारा बदलतो. गाडी त्याच आगारात राहते व दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच वेळी बाहेर पडते. तात्पर्य, राबणारे हात कोणाचे, याहून राखीव बळ कोणाच्या हाती, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

आता भिलाईची गोष्ट. केंद्र शासनाच्या नागरी नूतनीकरण योजनेतून दुर्ग-भिलाईस नगरबसगाड्या मिळाल्या होत्या. सेक्टरांतील विद्यार्थी, सुपेल्याच्या बाजारास जाणाऱ्या गृहिणी, पॉवर हाऊसला उतरणारे कामगार यांना त्यांचा मोठा आधार होता. महामारीच्या टाळेबंदीत त्या थांबल्या. मुंबईत ज्या दिवसांत उभ्या गाड्या रस्त्यावर येत होत्या, त्याच दिवसांत येथे धावत्या गाड्या उभ्या राहिल्या. आणि टाळेबंदी उठल्यावरही त्यांतील पुष्कळशा उभ्याच राहिल्या. बॅटऱ्या उतरल्या, टायर बसले, पत्रे गंजले. उभी गाडी आणि उभी गाडी यांत असा भेद असतो! एक विसावा घेत असते, दुसरी अखेरचा श्वास. पहिलीजवळ मिस्त्री असतो, तिची नोंद वहीत असते, उद्या तिची पाळी असते. दुसरीजवळ फक्त गवत वाढत असते. गाड्या खरेदी करण्यास पैसा मिळतो, त्यांच्या देखभालीस मिळत नाही. उद्घाटनास पाहुणे येतात, डॉकिंगला कोणी येत नाही. हे आपल्या सार्वजनिक जीवनाचे जुनेच दुखणे आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र शासनाने देशभरात दहा हजार विजेच्या बसगाड्यांची योजना जाहीर केली. छत्तीसगढसाठी मंजूर झालेल्या २४० गाड्यांपैकी ५० दुर्ग-भिलाईच्या वाट्याच्या आहेत. याही गाड्या कंत्राटदाराने चालवावयाच्या असून केंद्राकडून किलोमीटरमागे साहाय्य व आगाराच्या आणि वीजजोडणीच्या उभारणीस मदत, असे तिचे स्वरूप आहे. विजेची बस ही एका अर्थाने डिझेलच्या बसपेक्षा ट्रामच्या घोड्याच्या अधिक जवळची आहे. डिझेल पाच-दहा मिनिटांत भरता येते. बॅटरी भरावयास गाडीला पुष्कळ वेळ उभे राहावे लागते. म्हणजे दीडशे वर्षांनी विसावा पुन्हा अपरिहार्य झाला आहे, आणि त्याच्याबरोबर आगाराचे महत्त्वही. पन्नास गाड्यांपैकी एका वेळी किती धावतील, किती वीज घेत उभ्या असतील आणि किती निव्वळ राखीव असतील, हा हिशेब पहिली गाडी सजवून रस्त्यावर आणण्यापूर्वी झाला पाहिजे. आगाराची जागा, वीजजोडणी आणि नोंदवह्या या तिन्ही गोष्टी नगरसंस्थेच्या हाती राहिल्या पाहिजेत. आणि आपले चार तरी मिस्त्री असे हवेत की, ज्यांना कंत्राटदाराच्या शब्दावर विसंबून राहावे लागणार नाही.

बदलीच्या नोकरीत फिरणाऱ्या आम्हां मंडळींस कोणतेही शहर कायमचे आपले नसते. पण ज्या शहरात आपण राहतो तेथल्या बसने आपली मुले शाळेत जातात, आणि तेवढ्यापुरते ते शहर आपलेच असते. म्हणून नवी गाडी येईल त्या दिवशी तिच्या रंगाचे कौतुक करावयास आम्ही जाऊच. मात्र सहा महिन्यांनी, एखाद्या रात्री अकरानंतर, आगाराच्या फाटकाशी उभे राहून आत किती दिवे जळत आहेत तेही पाहून यावे, असा आमचा संकल्प आहे.